चूल, छप्पर आणि सातबारा : घरात कोण कुणाजवळ राहतं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडच्या घराला ‘एकत्र आहात की वेगळे?’ असं विचारलं की उत्तर देणारा आधी थोडा थांबतो. थोरला पुण्याला, धाकटा मळ्यातल्या वस्तीवर, आई-वडील गावठाणातल्या घरात, जमीन अजून आजोबांच्या नावावर आणि ज्वारीची पोती मात्र सगळ्यांकडे जातात. याला एकत्र म्हणायचं की वेगळं? म्हणून खालची उत्तरं देताना तीन गोष्टी सुट्या धरल्या आहेत. चूल म्हणजे जेवण कुठे शिजतं, छप्पर म्हणजे कोण कुठे झोपतं आणि सातबारा म्हणजे मालकी कुणाची. तीनही एकाच दिवशी वेगळ्या होत नाहीत. त्या एकच आहेत असं धरून बोलायला बसलं की भांडण ठरलेलं.

आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहतो, स्वयंपाक वेगळा आहे. आम्ही एकत्र की विभक्त?

कोण विचारतंय यावर उत्तर बदलतं. जनगणनेसाठी तुम्ही दोन कुटुंबं, कारण तिथे चूल मोजतात. गॅस कनेक्शनच्या नियमातही नवरा-बायको, अविवाहित मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील एका स्वयंपाकघरावर असतील तर ते एक कुटुंब. महसूल दप्तरात मात्र तुम्ही एकत्रच, कारण सातबाऱ्यावर दोघांची नावं एका खात्यात आहेत, किंवा जुन्या पद्धतीने थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लागलंय. कोर्टातही ‘आम्ही वेगळं जेवतो’ एवढ्यावर वाटणी सिद्ध होत नाही. चूल वेगळी झाली म्हणजे हिस्सा वेगळा झाला, हा गैरसमज फार जुना आहे आणि फार महाग पडतो.

जनगणनेला आमचं घर कसं सांगायचं? मुलगा हॉस्टेलला, चुलते गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात परराज्यात.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणूस जिथे नेहमी राहतो आणि जेवतो तिथे मोजायचा, हे सूत्र धरा. हॉस्टेलमधला मुलगा हॉस्टेलच्या संस्थात्मक कुटुंबात मोजला जातो. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी परराज्यात गेलेलं बिऱ्हाड तिथेच मोजलं जातं. गावच्या घरात त्याची नावं पुन्हा द्यायची नाहीत. मुंबईत एका खोलीत राहणारे पाच-सहा माथाडी कामगार नात्याचे नसले तरी एकत्र शिजवून खात असतील तर तेही एक कुटुंबच. घरातल्या म्हाताऱ्यांना आकडा मोठा सांगायची हौस असते, ती इथे आवरा. ‘आमच्या घरात सतरा माणसं’ हे जत्रेपुरतं खरं.

मुलगी बारावीनंतर पुण्याला चालली आहे. हॉस्टेल, कॉट बेसिस की फ्लॅट?

पहिल्या वर्षी कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर तेच घ्या. गावाकडच्या पोरांनी बोर्डिंगात राहून शिकायचं, ही वाट या भागात नवी नाही; कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग १९२४ साली सुरू केलं.

कॉट बेसिसवर खोली बघताना भाड्याआधी चार गोष्टी विचारा. एका न्हाणीघरावर किती मुली? पाणी किती वाजता येतं? डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का? मध्येच सोडलं तर नोटीस किती दिवसांची? डिपॉझिटवरून होणारी बहुतेक कुरबूर शेवटच्या दोन प्रश्नांवरच येते.

चार मुलींनी मिळून फ्लॅट घेतला तर करार नोंदवायलाच हवा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ ही थाप आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. करारात चौघींची नावं घाला. एकीच्याच नावावर असेल तर बाकीच्या तिघी मध्येच गेल्यावर पूर्ण भाडं तिच्या गळ्यात पडतं.

मुलगा पंचविशीचा आहे, नोकरी लागली, राहतो घरातच. त्याच्याकडून पैसे घ्यावेत का?

घ्यावेत, आणि पहिल्या पगारापासून. रक्कम किती यापेक्षा ती कशाची हे ठरवा: ‘लाइट बिल आणि गॅस तुझा’. असं नेमकं काम दिलं की ते टिकतं. ‘लागेल तेव्हा देत जा’ म्हटलं की दिलेलं त्याला आठवतं आणि न दिलेलं तुम्हाला. शेती करणाऱ्या मुलाचं गणित वेगळं. तो पगार आणत नाही, पण घरची मजुरी वाचवतो. द्राक्षबागेत छाटणीपासून माल निघेपर्यंत राबणाऱ्या मुलाच्या हातात रोख काहीच येत नसेल, तर तिशीत लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर ‘मुलाचं उत्पन्न काय?’ याला उत्तर उरत नाही. त्याच्या नावावर बँक खातं असू द्या आणि बागेच्या पैशातला ठरलेला भाग दर हंगामाला त्यात जाऊ द्या.

लग्नानंतर लगेच वेगळं राहिलं तर लोक काय म्हणतील?

म्हणतील, मग विसरतील. खरा प्रश्न जागेचा आहे. जुन्या घरात सोपा, माजघर आणि मागचं परडं असतं. कडी लावता येईल अशी खोली नसते. नव्या जोडप्याला दार असलेली एक खोली, तिला लागून न्हाणीघर आणि कपड्यांचं स्वतःचं कपाट एवढं देता आलं, तर चूल एक ठेवूनही वर्षं निघतात. एवढंही जमत नसेल तर माणसं कितीही चांगली असोत, कुचंबणा होते. अंतराचाही हिशेब आहे. साताऱ्याहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, तिथला मुलगा शनिवारी येऊन रविवारी परत जातो आणि घर एकत्र असल्यासारखंच चालतं. सांगलीहून हे अंतर सव्वादोनशेच्या पुढे जातं. तिथे दर आठवड्याला येणं होत नाही, म्हणून सांगलीकडे निर्णय लवकर आणि स्पष्ट घ्यावे लागतात.

चूल वेगळी करायची ठरली. आधी काय, नंतर काय?

क्रम चुकला की तालुक्याला चार खेपा जास्त होतात. क्रम असा: रेशनकार्ड, गॅस, वीज, घरपट्टी.

रेशनकार्डासाठी आधी जुन्या कार्डातून नावं कमी करून घ्यायची आणि तसा दाखला घ्यायचा, मग नव्या कार्डासाठी अर्ज. सोबत सगळ्यांची आधार कार्डं, राहण्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचं नाव लागतं. अन्नसुरक्षा कायद्यातच तसं आहे, तेव्हा त्यावर रुसवेफुगवे नकोत. इथला खरा खड्डा असा: प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यामुळे कार्ड फुटून धान्य वाढत नाही. अंत्योदय कार्डावर मात्र कार्डामागे ३५ किलो असतं. ते फोडलं तर ३५ किलो मूळ कार्डाकडे राहतं आणि नव्या कार्डाला अंत्योदय आपोआप लागू होत नाही. शिवाय प्राधान्य यादीला ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. नव्या कार्डाचं उत्पन्न वर गेलं तर धान्य बंद. म्हातारी माणसं कुठल्या कार्डावर राहणार हे आधी ठरवा. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेच्या पैशांसाठी कुटुंबाचं उत्पन्न बघतात, तिथेही याचा परिणाम होतो.

नंतर गॅस. एकाच पत्त्यावर दुसरं कनेक्शन मागितलं की एजन्सी अडवते. स्वयंपाकघर वेगळं असल्याचा पुरावा म्हणून नवं रेशनकार्ड कामी येतं, म्हणूनच ते आधी.

विजेचं दुसरं मीटर हवं असेल तर येण्याजाण्याचं दार आणि वायरिंग दोन्ही वेगळी असायला हवीत. नुसता पडदा चालत नाही. फायदा टप्प्यांमुळे होतो. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. महिना ४०० युनिट एकाच मीटरवर गेले तर वरचे १०० तिसऱ्या टप्प्याच्या चढ्या दराने पडतात. तेच दोन मीटरवर दोनशे-दोनशे झाले तर तिसरा टप्पा लागतच नाही. पण स्थिर आकार दोनदा भरावा लागतो. महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटचंच घर असेल तर दुसऱ्या मीटरचा घाट घालण्याआधी बिल समोर ठेवून आकडेमोड करा.

घरपट्टी शेवटी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला दोघांची नावं वेगळी लावून घेता येतात. ती नोंद कराची आहे, मालकीची नाही. तिच्या भरवशावर खोली विकायला जाऊ नका.

चूल एकच ठेवायची आहे, पण खर्चावरून कुरकुर होते. वाटायचा कसा?

डोई मोजा. मोठं माणूस एक, दहा वर्षांखालचं मूल अर्धं. आई-वडिलांचा वाटा भावांत समान.

समजा थोरल्याकडे दोघं मोठी आणि दोन मुलं, म्हणजे ३ डोई. धाकट्याकडे दोघं आणि एक मूल, म्हणजे २.५. आई-वडील २, त्यातली एकेक डोई दोघांकडे. थोरला ४, धाकटा ३.५, एकूण ७.५. महिन्याचा किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून ३०,००० झाले तर डोईला ४,०००. थोरल्याचे १६,००० आणि धाकट्याचे १४,०००.

आता पेच. धाकटा शेती बघतो, त्याच्याकडून वर्षाला गहू, ज्वारी, शेंगा आणि हळद घरात येते. ते धान्य ज्या आठवड्यात घरात आलं त्या आठवड्याच्या बाजारभावाने त्याच्या नावावर जमा धरा आणि वहीत लिहा. दूध घरच्या म्हशीचं असेल तर डेअरीला घालून जो दर पडतो तोच घरालाही लावा. भाऊ भावाला दूध विकतो म्हणजे काय, असं सुरुवातीला वाटतं. पण न लिहिलेला हिशेब पाच वर्षांनी ‘आम्हीच पोसलं’ या वाक्याच्या रूपाने बाहेर येतो, आणि ते वाक्य बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी येतं.

पाहुणे आणि सणवार हिशेबात धरू नका. पाहुण्यांच्या चहाची वाटणी करणारं घर महिनाभर टिकत नाही.

जमिनीची वाटणी कधी करावी? वडील आहेत तोवर की नंतर?

वडील आहेत तोवर. बांधावरचं कोणतं आंब्याचं झाड कुणी लावलं इथपासून त्यांना माहीत असतं.

सगळ्यांची संमती असेल तर सोपा रस्ता खातेफोडीचा: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. अर्जावर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. नोटीस, जबाब, मग आदेश आणि त्यावरून फेरफार. जागेवर हद्दी पाडायच्या तर भूमी अभिलेखकडे पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते. नुसत्या सातबाऱ्यावर क्षेत्र वेगळं झालं आणि मोजणी राहिली, तर बांध कुठे घालायचा हा वाद पुढच्या पिढीला जातो. कुणी एकाने हिश्श्यालाच हरकत घेतली तर प्रकरण दिवाणी कोर्टात जातं आणि मग वर्षं मोजायची. तुकडेबंदीचंही बघा. प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याखाली तुकडा पाडता येत नाही. हिस्सा त्याहून लहान पडत असेल तर क्षेत्र सामाईक ठेवून कसायची वहिवाट लिहून घ्यावी.

कागदावर हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: विहीर, बोअर, मोटारीचं वीज कनेक्शन, शेतात जायची वाट, विकास सोसायटीचं कर्ज, कारखान्याचा शेअर आणि ऊस नोंद. विहिरीच्या पाण्याची पाळी घड्याळाच्या तासांवर वाटू नका. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येते. सकाळचे तास एकाचे आणि संध्याकाळचे दुसऱ्याचे असं ठरवलंत तर ज्याच्या तासांत वीजच नाही तो कोरडा राहतो. वार वाटा. सोमवार ते बुधवार एकाचे, गुरुवार ते शनिवार दुसऱ्याचे, रविवार आलटून पालटून.

बहिणींचं काय? त्या मागत नाहीत.

मागत नाहीत म्हणून हक्क जात नाही. महाराष्ट्रात २२ जून १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची जन्मतःच हिस्सेदार आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडील मृत्युपत्र न करता वारले, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण असतील, तर प्रत्येकाचा एक चतुर्थांश. यात आईचाही हिस्सा आहे, आणि वाटणीला बसलेले भाऊ नेमका तोच विसरतात.

बहिणीला खरोखर सोडायचं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. स्टॅम्पपेपरवर सही घेऊन पेटीत ठेवलेला कागद उपयोगाचा नाही. भाऊबीजेच्या ताटापुढे तो कागद ठेवायची पद्धत आता तरी बंद व्हावी.

आई-वडील महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे असतात. ही पाळी नीट कशी चालवायची?

पाळी वाईट नाही, ती पाळण्याची पद्धत वाईट असते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. पन्नास वर्षं एका घरात काढलेल्या जोडप्याची सोयीपुरती वाटणी करणं हा क्रूरपणा आहे. याला दुसरा शब्द नाही.

महिन्याऐवजी चार महिन्यांची पाळी ठेवा. सत्तरीच्या माणसाला नव्या घरातला रात्रीचा संडासचा रस्ता अंगवळणी पडायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आणि पडझड याच दिवसांत होते. बदलाची तारीख १ ऐवजी गोळ्या संपायच्या तारखेला बांधा, म्हणजे अर्धी पट्टी या घरात आणि अर्धी त्या घरात राहत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खंड हा पाळी बदलतानाच पडतो.

माणसांबरोबर एक पिशवी फिरते. तिच्यात डॉक्टरांची फाइल, आधार, पासबुक, ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही), चष्मा, कवळीची डबी आणि श्रवणयंत्राच्या सुट्या बॅटऱ्या. बँकेला जोडलेला मोबाइल नंबर आई-वडिलांच्या स्वतःच्या फोनचा असू द्या. तो एका मुलाचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे आणि संशय दुसऱ्याकडे. सरकारी किंवा सैन्याची पेन्शन असेल तर नोव्हेंबरात ज्याची पाळी, त्याने हयातीचा दाखला भरायचा, हे लिहून ठेवा. सैनिकांची गावं असलेल्या सातारा जिल्ह्यात याचं महत्त्व सांगायला नको.

एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि महिलांना सरसकट अर्धं. पण ऐंशीच्या माणसाला एकट्याला स्टँडवर बसवून ‘तिकडे उतरून घ्या’ म्हणू नका.

आई-वडिलांना गावीच राहायचं आहे. आम्ही लांब. घरात काय बदल करून घ्यावेत?

सुरुवात न्हाणीपासून. पडतात ती तिथेच. फरशी गुळगुळीत असेल तर खडबडीत टाइल लावून घ्या, रबरी मॅट हा तात्पुरता उपाय आहे. भांडं भारतीय असेल तर बदला. कमोडची बसायची उंची जमिनीपासून १७ ते १९ इंच हवी. आधाराचा दांडा ३३ ते ३६ इंचांवर. गावातल्या जुन्या घराची भिंत मातीची किंवा दगड-मातीची असते. तिच्यात स्क्रू धरत नाही, आणि भार पडला की दांडा भिंतीसकट हातात येतो. अशा ठिकाणी जमिनीत काँक्रीटमध्ये लोखंडी पाइप उभा करून दांडा त्याला वेल्ड करून घ्या. न्हाणीच्या दाराची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे.

उंबरे आणि पायऱ्या हा दुसरा प्रकार. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फूट लांब उतार. दोन फुटांत उतार बसवणारा गवंडी घसरगुंडी करून देतो. वॉकर लागणार असेल तर दाराची मोकळी रुंदी निदान ३२ इंच बघा. पलंग गादीसकट १८ ते २० इंच, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पलंगापासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारे दोन बारीक दिवे. लोडशेडिंग असेल तर चार्जिंगचे.

संडास परड्यात असेल तर रात्री तिकडे जाणं बंद करायची सोय आधी करा, बाकी सगळं नंतर. उशाशी भांडं ठेवायला वडील लाजतात. आईने सांगितलं तर ऐकतात.

रोजची खबर घ्यायला कॅमेऱ्यापेक्षा मिस कॉल बरा. सकाळी सातला त्यांनी एक मिस कॉल द्यायचा. आठपर्यंत आला नाही तर शेजारी जाऊन बघतील, त्यांच्याकडे एक किल्ली. शेजाऱ्यांच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवायला विसरू नका. हे काम पैशाने होत नाही. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरात.

घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू का? पुढे कटकट नको.

नका करू. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक पण करून घेतलेली बरी, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. बक्षीसपत्र तसं सहज मागे घेता येत नाही. तरीही करायचंच असेल तर ‘हयातीपर्यंत राहू देईन, सांभाळीन, औषधपाणी करीन’ ही अट त्याच कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अशी अट मोडली तर हस्तांतर रद्द ठरवता येतं. अट तोंडी असेल तर ती सिद्ध करण्यात दमछाक होते.

मुलगा विचारत नाही. अर्ज कुठे करायचा?

प्रांताधिकाऱ्यांकडे. त्यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण असतं. आई-वडिलांना वयाची अट नाही; मूलबाळ नसलेला ज्येष्ठ, म्हणजे ६० वर्षांवरचा माणूस, ज्याला त्याची मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकाविरुद्ध अर्ज करू शकतो. मुलगी आणि सज्ञान नातवंडंही जबाबदार आहेत, फक्त मुलगे नाहीत. निर्वाह रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून ३० दिवस वाढतात. अर्जाला औषधांची बिलं, पासबुकाची नक्कल आणि मुलांचे पत्ते जोडा. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि मुदत सुरूच होत नाही, सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे. सुनेला बाहेर काढता येतं का?

‘घर माझं आहे’ एवढ्यावर नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे ती जिथे नवऱ्यासह नांदली त्या घरात तिला राहण्याचा हक्क आहे, आणि ते घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तो लागू होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं. तो मालकीचा हक्क नाही, राहण्याचा आहे. कोर्ट पर्यायी जागा द्यायला सांगू शकतं.

घटस्फोटित किंवा विधवा बहीण माहेरी आली आहे. तिला ‘ठेवून घेतलंय’ असं सगळे म्हणतात.

ती शब्दरचनाच चुकीची आहे. वडिलांच्या मालमत्तेत तिचा हिस्सा भावाइतकाच. व्यवहारात तिला तीन गोष्टी लगेच करून द्या: रेशनकार्डात नाव, स्वतःचं बँक खातं आणि कडी असलेली खोली. सासरकडच्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय इथे लागत नाही, आणि तिकडचे मुद्दाम दाखला देत नाहीत. अशा वेळी घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचा मृत्यूदाखला जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत थेट अर्ज द्या. घरातल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा न विचारता तिच्यावर येते, तिचाही मोबदला वरच्या डोईच्या हिशेबात धरा.

सांगलीत नदीकाठी राहणाऱ्या वृद्धांचं पावसाळ्यात काय करावं?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हा प्रश्न दर जुलैला येतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. धडधाकट माणूस ४० ला हलला तरी चालतं. काठी, वॉकर, ऑक्सिजन किंवा डायलिसिस असेल त्यांना ३५ ला आणि पाणी चढतं असतानाच हलवा. रस्ते पाण्याखाली गेल्यावर बोटीत पाय टाकणं ऐंशीच्या माणसाला जमत नाही. कुणाकडे जायचं हे जूनमध्येच ठरवा. वरच्या मजल्यावर थांबू म्हणणाऱ्यांना विचारा: संडास, पिण्याचं पाणी आणि गोळ्या किती दिवसांच्या?

वृद्धाश्रम बघतोय. काय तपासावं?

न सांगता संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा. रात्री किती माणसं कामाला असतात ते विचारा, दिवसा नव्हे. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत पाठवतात, हे लेखी घ्या. अनामत परत मिळण्याची अट वाचा. मिरज किंवा कऱ्हाडच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो, ते स्वतः गाडीने जाऊन बघा.

आम्ही सगळेच बाहेर आहोत, गावचं घर वर्षातून दोनदा उघडतं. किल्ली कुणाकडे ठेवावी?

भावकीतल्या एकाकडे आणि भावकीबाहेरच्या एकाकडे, अशा दोन. बंद घराला वाळवी आणि गळती खाते, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा कुणीतरी दारं-खिडक्या उघडून दोन तास हवा खेळवायची, त्याचे पैसे ठरवून द्यायचे. मेन स्विच बंद, टाकी रिकामी, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवलेला. मीटर मात्र काढू नका. स्थिर आकार भरत राहा, कारण वीजबिल आणि घरपट्टीची पावती हाच तुमच्या ताब्याचा चालू पुरावा असतो. जत्रेला घर उघडायच्या आदल्या दिवशी टाकी धुऊन भरायला सांगा. गाडीतून उतरल्यावर आधी सगळ्यांना पाणी लागतं.